दोन ओळींत लिहा

अमळनेरच्या बाररूममध्ये शनिवारी अकरा वाजता
पडदा लावला. पडदा म्हणजे चादर,
नोटीस बोर्डाच्या खिळ्यांना अडकवलेली,
मधोमध कुणाच्या तरी लग्नातल्या हळदीचा डाग.
नेमकं त्या डागावर येऊन बसलं कलम एकशे तीन.

"खून," रेवती म्हणाली. "तीनशे दोन आता विसरा, सर."

सर म्हणजे मी. सनद चौतीस वर्षांची,
चष्मा चौथा.
रेवती म्हणजे आमच्या भिकन टायपिस्टची पोरगी.
बापाच्या टेबलाखाली, निंबाच्या सावलीत बसून
वापरलेल्या कार्बनची विमानं करायची,
नाकाला निळा डाग घेऊन घरी जायची.
आज जळगावहून आलीय. तिच्या हातातला लाल ठिपका
हलेल तिकडे आम्हा एकवीस जणांच्या माना.

असोसिएशनचं पत्र होतं: हजेरी सक्तीची.
बारा तास भरले तर प्रमाणपत्र,
नाही भरले तर काय, तिथं पत्र गप्प.
म्हणून सगळे आले. देवरे कूलरसमोर,
बोरसे दाराशी, सही करून सटकायच्या बेतात.

चारशे वीस गेलं, तीनशे अठरा आलं.
"मग आता माणसाला म्हणायचं तरी काय?" देवरेंनी विचारलं.
सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो,
कारण पोटात कुणीतरी पाढे म्हणत होतं
आणि दर घरानंतर अडखळत होतं.

"खावटी. एकशे पंचवीस होतं, आता एकशे चव्वेचाळीस."
इथं मी हात वर केला.
एकशे चव्वेचाळीस म्हणजे तर जमावबंदी!
पाच माणसं चौकात दिसली की काठी.
"ती आता एकशे त्रेसष्ट, सर,"
रेवती म्हणाली हळूच,
आपण अशिलाला तिसऱ्यांदा सांगतो त्या आवाजात.

जेवणाच्या सुट्टीत खाली उतरलो तर निंबाखाली सुपडाबाई,
मारवडहून पहिल्या एसटीनं आलेली.
"आज कोर्ट बंद असतं, बाई."
"माहीत शे. तुम्ही त शेतस ना."

आठ महिन्यांची खावटी थकलेली.
ताजा ताजा शिकलेला मी तिला सांगत सुटलो:
कायदा बदलला, आकडे बदलले,
पण तुझा अर्ज जुना, म्हणून त्याला कलमही जुनंच.
तिनं सगळं ऐकून घेतलं. पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
"कलम बदलनं व्हई, भाऊ. नवरा त तोच शे.
आनि त्यानी म्हैस ईकी टाकी."

वसुलीचा अर्ज भिकननं खडाखडा टाईप केला,
कलम एकशे चव्वेचाळीस.
लेकीच्या वहीवरून रात्रभर घोकलेलं.
"भिकन, हिला जुनंच. एकशे पंचवीस."
त्यानं कागद ओढून काढला, माझ्याकडे बघितलं.
"म्हणजे ते अजून आहे?"
दवाखान्यातल्या माणसाबद्दल विचारावं तसं.

मग सवयीनं त्यानं शाईचा पॅड पुढे केला.
सुपडाबाईनं तो बाजूला सरकवला.
"पेन द्या."
दोन वर्षं नातीच्या पाटीवर गिरवते, म्हणाली.
पण अर्जावर एकदम नको,
आधी कुठंतरी करून बघते.
माझ्या खिशात प्रशिक्षणाचा फॉर्म होता, तोच दिला पालथा घालून.

सु. मग बराच वेळ काही नाही.
मग प, पोट जरा मोठं झालेलं.
मग डा, काना कागदाबाहेर टेबलावर गेलेला.
भिकननं टेबल पुसलं नाही.

वर दुसरं सत्र सुरू झाल्याची घंटी वाजली.
संध्याकाळी रेवतीनं फॉर्म गोळा केले.
माझ्या फॉर्मवर
"आज नवीन काय शिकलात? दोन ओळींत लिहा,"
याच्या खाली कोरं.
तिनं तो सहज उलटा केला,
थोडा वेळ तसाच धरून ठेवला,
आणि बाकीच्यांसारखा गठ्ठ्यात लावला.